होडीत राहिलेल्यांचे कथन : ‘स्मृतिचित्रे’ आणि अनुसरणाची हाक

राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात ख्रिस्ती चिंतन ‘माझ्यामागे ये’ या येशूच्या हाकेकडे पुनःपुन्हा वळते. हाक ऐकणाऱ्याचा त्याग हा या चिंतनाचा केंद्रबिंदू असतो. परंतु त्या त्यागाची किंमत आणखी कोण मोजतो, हा प्रश्न शुभवर्तमानांच्या संहितांतच दडलेला आहे. मार्कच्या पहिल्या अध्यायात याकोब व योहान आपला पिता जब्दी याला चाकरांसह होडीत सोडून निघतात. मत्तयाच्या कथनातून चाकर गळतात. लूक केवळ सर्वस्वत्यागाचा उल्लेख करतो. सोडलेल्या पित्याची वेगळी नोंदही तेथे उरत नाही. जब्दीला तर तिन्ही ठिकाणी वाचा नाही.

डीट्रिख बोनहॉफर यांनी ‘नाखफोल्गे’ (१९३७) या ग्रंथात लेवीच्या पाचारणातील हेच मौन अर्थपूर्ण मानले. हाकेनंतर आज्ञापालन घडते. मध्ये मनोव्यापाराला जागा नाही. हाक माणसाला एकटे करते आणि पुढे आप्तांशी त्याचे नाते ख्रिस्ताच्या मध्यस्थीनेच जुळते. हे विवेचन निघणाऱ्याच्या बाजूचे आहे.

त्याच दशकात, १९३४ पासून, भागशः प्रसिद्ध झालेले लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ मागे राहणाऱ्याची बाजू मांडते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत, पत्नी दूर असताना झाला. मैथिलीशरण गुप्त यांच्या ‘यशोधरा’ या हिंदी काव्यातही पती न सांगता गेल्याचे शल्य आहे. मात्र तेथे पुरुष कवी त्यक्तेला वाणी देतो. लक्ष्मीबाई स्वतः बोलतात, आणि तेही आरोपपत्राच्या सुरात नव्हे. विनोद व दुःख एकाच वाक्यात नांदवणारी त्यांची शैली पतीला ना खलपुरुष ठरवते, ना संतपदी बसवते.

लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांचे कथन पतीच्या अनुसरणकथेचे उत्तरार्ध ठरवण्याचा मोह होतो. संहिता त्याला दुजोरा देत नाही. मार्कचे शिष्य ‘लगेच’ निघतात. लक्ष्मीबाईंना वर्षे लागतात. त्या पतीजवळ राहू लागल्या तरी सोवळे सुटत नाही. पुढे आधी जातिभेद मनातून जातो, मग ख्रिस्तावरील श्रद्धा येते. येथे मनोव्यापार वगळला तर कथनच उरणार नाही. बोनहॉफरप्रणीत तात्काळ आज्ञापालनाच्या शेजारी हे विलंबित अनुसरण ठेवले, तर ‘लगेच’ हा शब्द अनुसरणाचा निकष न राहता त्याचा केवळ एक प्रकार ठरतो.

टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. पतीला ज्याने बोलावून नेले, त्याचे चरित्र मागे राहिलेल्या स्त्रीच्या हातून सिद्धीस गेले. मत्तयाच्या शुभवर्तमानातही जब्दीच्या पुत्रांची आई अखेरीस क्रुसाकडे दुरून पाहणाऱ्या स्त्रियांत दिसते. होडीतले घर तेथवर कसे पोचले, हे मत्तय सांगत नाही. तसल्या प्रवासाचा तपशील मराठीत ‘स्मृतिचित्रे’ने नोंदवला आहे.