माफीच्या साक्षीदाराचे निवेदन आणि कुमारांची भयकथा

प्रत्यक्ष घडलेल्या हत्यासत्रांवर आधारलेली आणि कुमारवयीन वाचकांना उद्देशून लिहिलेली ऐतिहासिक भयकथा हा इंग्रजीत आता रुळलेला प्रकार आहे. केरी मॅनिस्कॅल्को यांची २०१६ मधील ‘स्टॉकिंग जॅक द रिपर’ ही कादंबरी त्याचे ठळक उदाहरण होय. १८८८ च्या लंडनमधील तो खुनी कोण, हे निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे लेखिकेने कल्पनेने कोणालाही खुनी ठरवले, तरी तो कलंक एखाद्या समूहाच्या माथी बसत नाही. हा प्रकार मराठीत आणू पाहणाऱ्यास ही सवलत नाही. आपल्याकडे अशा कथेसाठी सहज सुचणारा विषय म्हणजे ठगी. आणि ठगांविषयीचे आपले भय बऱ्याच अंशी एका विशिष्ट निवेदनाने घडविलेले आहे.

ते निवेदन म्हणजे फिलिप मेडोज टेलर यांची १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’. निजामाच्या सेवेत असलेले टेलर पुढे १८५३ पासून सोलापूरलगतच्या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहत होते. कादंबरीचा निवेदक अमीर अली साहेबापुढे आपली जबानी देतो. ७१९ बळींचा आकडा सांगताना त्याला पश्चात्तापापेक्षा तुरुंगवासामुळे हुकलेल्या हजाराची हळहळ अधिक वाटते. या संहितेतील भय प्रामुख्याने या निर्विकार स्वरातून निर्माण होते.

तथापि कुमारसाहित्याच्या दृष्टीने कादंबरीचे मर्म अन्यत्र आहे. अमीर अली जन्माने ठग नाही. ज्या टोळीने त्याच्या आईबापांना मारले, तीच त्याला वाढवते. मारेकऱ्यालाच तो बाप मानतो. मंतरलेला गूळ खाऊन दीक्षा घेतो. आणि आपण मारलेल्यांत आपली सख्खी बहीणही होती, हे त्याला फार उशिरा कळते. म्हणजे येथे ठगी रक्तातून येत नाही, संगोपनातून येते.

वासाहतिक कायद्याने मात्र उलट वाट धरली. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढेच जन्मठेपेस पुरेसे ठरविले. स्लीमन यांच्या मोहिमेची भिस्त माफीच्या साक्षीदारांवर होती, आणि या साक्षीदारांचा जीव त्यांच्या जबानीवर अवलंबून होता. राधिका सिंघा (१९९८) आणि किम वॅग्नर (२००७) यांच्या अभ्यासानंतर या जबान्या भाबडेपणाने वाचता येत नाहीत. वाटसरूंचे खून खोटे नव्हते. त्यांवर रचलेला आनुवंशिक गुन्हेगारीचा सिद्धान्त संशयास्पद होता. १८७१ च्या कायद्याने संपूर्ण जमातीच गुन्हेगार ठरविल्या. त्यांतील कुटुंबे सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड राहिली; तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. पुण्यातील १९७६-७७ च्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडातील आरोपी कलामहाविद्यालयाचे विद्यार्थी होते. तेथेही माफीचा साक्षीदार होता. त्या नावाचा चित्रपटही १९८६ मध्ये आला. परंतु त्यावरून चित्रकलेचे विद्यार्थी जन्मजात गुन्हेगार असतात, असे कोणी म्हटले नाही. व्यक्तीचा गुन्हा व्यक्तीपाशी थांबला. हा न्याय सर्वांच्या वाट्याला आला नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनात मुलाला धडकी भरते ती पोलिसांच्या धाडीची.

म्हणून ठगांवर कुमारांसाठी लिहूच नये, असा निष्कर्ष येथे अभिप्रेत नाही. कुमारवयीन वाचकास भय हवे असते आणि ते त्यास मिळावे. प्रश्न निवेदनाच्या रचनेचा आहे. जबानी कोणापुढे दिली जात आहे आणि ती देणाऱ्यास बदल्यात काय मिळणार आहे, हे कथेत दिसले पाहिजे; बळी हा केवळ आकडा राहता कामा नये; आणि टोळी व जमात यांतील भेद पुसला जाता कामा नये. सोलापूरच्या वर्गात अशी कथा वाचणाऱ्या मुलामुलींत सेटलमेंटमध्ये वाढलेल्यांची नातवंडेही असू शकतात. आपला गृहीत वाचक ठरविताना लेखकाने त्यांना वगळले, तर कथा त्यांनाच भयविषय करून बसेल. टेलर यांच्या अमीर अलीत मारेकऱ्यांनी वाढविलेले एक अनाथ मूल आहे. नव्या कथेचा आरंभ तेथून करता येईल.