नावांची यादी आणि पायाखालचा रस्ता : इंडियानातलं कोलंबस

आज बोलायचं आहे ते एका लहान शहराबद्दल. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात कोलंबस नावाचं गाव आहे. ओहायोमधलं मोठं कोलंबस वेगळं, हे आधीच सांगितलेलं बरं. या गावाची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास. भोवती मक्याची आणि सोयाबीनची शेतं. पण वास्तुकलेच्या पुस्तकांत याचं नाव शिकागो, न्यूयॉर्क यांच्या पंगतीत येतं. इथल्या सात वास्तूंना राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा आहे, आणि सातही वास्तू विसाव्या शतकातल्या आहेत. एवढ्याशा गावाला हे भाग्य का लाभलं, ते सगळे सांगतात. ते गाव पायी फिरताना कसं लागतं, हे फारसं कोणी सांगत नाही. आमचं आजचं म्हणणं त्याबद्दल आहे.

पुण्यातल्या श्रोत्यांना हे गाव तसं परकं नाही. कमिन्स ही डिझेल इंजिनांची कंपनी इथलीच, 1919 साली इथंच सुरू झालेली. 1962 मध्ये किर्लोस्करांच्या भागीदारीत ती कोथरूडला आली. त्यामुळे पुण्यातल्या कितीतरी घरांत ‘आमचा मुलगा कोलंबसला असतो’ हे वाक्य ऐकू येतं. मुलाकडे जाऊन आलेले आईवडील थंडीबद्दल सांगतात, किराणा कुठं मिळतो ते सांगतात. तिथल्या वाचनालयासमोर हेन्री मूर यांची कमान उभी आहे, हे त्यांच्या बोलण्यात क्वचितच येतं. त्यात त्यांचा दोष नाही. ते गाव मोटारीतून पाहिलं जातं, आणि मोटारीतून पाहिलं की हे गाव दिसतच नाही.

आता थोडक्यात इतिहास. जे. अर्विन मिलर हे या कंपनीचे दीर्घकाळ प्रमुख. त्यांच्या घराण्याच्या पुढाकारातून 1942 साली एलिएल सारिनेन यांनी गावात फर्स्ट ख्रिश्चन चर्च बांधलं. पुढं पन्नासच्या दशकात युद्धानंतर मुलांची संख्या वाढली, शाळा घाईघाईनं बांधाव्या लागल्या. तेव्हा मिलर यांनी कंपनीच्या फाउंडेशनमार्फत एक देऊ केलं : शिक्षण मंडळानं वास्तुरचनाकार आम्ही दिलेल्या यादीतून निवडावा, त्याची फी फाउंडेशन भरेल. बांधकामाचा खर्च मंडळाचा, फी फाउंडेशनची. यातून पहिली शाळा उभी राहिली ती हॅरी वीज यांनी रचलेली, 1957 मध्ये. नंतर ही सोय इतर सार्वजनिक इमारतींनाही मिळाली. अग्निशमन केंद्र सुद्धा! रॉबर्ट व्हेंचुरी यांनी केलेलं चौथ्या क्रमांकाचं केंद्र आजही वापरात आहे आणि त्याच्यावरचा ‘4’ हा आकडा लांबून वाचता येतो.

इथवर सगळं पर्यटकांच्या माहितीपत्रकात असतं, नकाशाही मिळतो. आमची पहिली तक्रार त्या नकाशाबद्दल आहे. तो नावांचा नकाशा आहे. सारिनेन बाप, सारिनेन मुलगा, आय. एम. पेई, केव्हिन रोश, सेझार पेली. माणूस एका नावापासून दुसऱ्या नावाकडे जातो, फोटो काढतो, पुढं निघतो. पंढरपूरला जाऊन फक्त बडव्यांची नावं लिहून आणावी, तसं काहीसं. दोन नावांच्या मधला रस्ता नकाशात कोराच राहतो. आणि या गावाचं खरं मर्म त्या कोऱ्या भागात आहे, असं आम्हाला वाटतं.

वॉशिंग्टन रस्त्यावरून चालायला लागा. दोन्ही बाजूंना एकोणिसाव्या शतकातल्या दुमजली-तिमजली विटांच्या इमारती आहेत. खाली दुकान, वर उंच खिडक्या, सगळ्यात वर नक्षीची कड. अगदी साधा, कामाचा बाजार. 1900 सालापासूनचं झाहाराकोस नावाचं आइस्क्रीमचं दुकान याच रस्त्यावर आहे. साठच्या दशकात अलेक्झांडर गिरार्ड या रंगकर्त्याला इथल्या दुकानांच्या दर्शनी भागांसाठी रंगयोजना करायला सांगण्यात आलं होतं. इमारती पाडायच्या नाहीत, रंगानं नीट वाचता येतील अशा करायच्या. गावातलं हे सगळ्यात कमी खर्चाचं काम असावं, आणि आमच्या मते सगळ्यात शहाणपणाच्या कामांपैकी एक. नकाशावर त्याला स्वतंत्र आकडा नसला तरी त्याच्यामुळे बाकीचे आकडे जागेवर राहिले.

कारण पुढं त्याच रस्त्यावर एरो सारिनेन यांची बँक येते, 1954 सालची अर्विन युनियन बँक. आता गंमत बघा. त्या काळातली बँक म्हटली की दगडी खांब, पितळी गज, पायऱ्या चढून वर जायचं. इथं एकमजली काचेची खोली आहे, भोवती झाडं, आणि छतावर नऊ उथळ घुमट. ती शेजारच्या जुन्या इमारतींपेक्षा बुटकी आहे. मान वर करून पाहण्याचा प्रसंगच येत नाही. कर्ज मागायला आलेल्या शेतकऱ्याला दडपण येऊ नये, हा विचार त्या उंचीतच आहे. पण हे कळायला आधी त्या उंच भिंतींजवळून चालत यावं लागतं. मोटारीतून उतरून थेट बँकेसमोर उभं राहिलं तर फक्त एक छान काचेची पेटी दिसते. जुना रस्ता नसता तर ही नवी इमारत मुकी राहिली असती, इतकं स्पष्ट आम्ही म्हणू.

तिथून पाचव्या रस्त्यानं पूर्वेला वळलं की काही मिनिटांत चर्च आणि वाचनालय समोरासमोर येतात. बापाचं चर्च म्हणजे फिकट विटांची आणि चुनखडी दगडाची एक सरळ लांबट पेटी, आणि तिच्यापासून सुटा उभा असलेला 166 फुटांचा मनोरा. आत क्रूससुद्धा मधोमध नाही, एका बाजूला आहे. 1942 सालच्या एका खेडवळ गावातल्या भाविकांनी हे स्वीकारलं, याचं आम्हाला अजून नवल वाटतं. समोर पेई यांचं 1969 सालचं वाचनालय, आणि त्याच्या शेजारी अर्विन घराण्याचं एकोणिसाव्या शतकातलं घर आणि बाग. म्हणजे पेई यांच्यापुढं दोन म्हातारे शेजारी होते, एक उंच, एक घरगुती. त्यांनी लाल विटांची रुंद, बसकी इमारत केली आणि पुढं विटांचंच अंगण सोडलं. त्या अंगणात 1971 मध्ये मूर यांची हिरवट कांस्याची कमान आली. ती साधारण वीस फूट उंच आहे आणि तिच्याखालून जाता येतं. लहान मुलं जातातच. कमानीतून चर्चचा मनोरा दिसतो, दोन पावलं सरकलं की नाहीसा होतो. हे फक्त चालणाऱ्या माणसासाठी आहे. कोगोनाडा यांच्या 2017 सालच्या ‘कोलंबस’ चित्रपटामुळे या जागा जगभर पोचल्या, आणि चित्रपट सुंदरच आहे. पण त्यातला कॅमेरा बहुतेक वेळ स्थिर असतो, त्यामुळे प्रत्येक इमारत चौकटीत लावलेल्या चित्रासारखी भासते. ती सरकती मजा त्यात नाही.

इथपर्यंत कौतुक झालं. आता दक्षिणेकडे, कोर्टाच्या दिशेनं चला, म्हणजे आमची दुसरी तक्रार कळेल.

सत्तरच्या दशकात भल्याभल्या शहरांना झाला तो आजार या गावालाही झाला. लोक बाहेरच्या मोठ्या बाजारांकडे जाऊ लागले म्हणून गावाच्या मध्यात बंदिस्त मॉल बांधायचा! पेली यांनी 1973 मध्ये तो केला. गडद काचेचा, वातानुकूलित, आणि त्याला जोडून ‘कॉमन्स’ नावाचं सार्वजनिक दालन, ज्यात झां टिंग्ली यांचं ‘केऑस वन’ हे फिरणारं, खडखडणारं धातूचं शिल्प. दालनाचा हेतू उदार होता. हिवाळ्यात म्हातारीकोतारी आणि पोरं तिथं बसत. पण रस्त्याच्या बाजूनं ती एक लांबच लांब काळसर भिंत होती. दारं आत, दुकानं आत, माणसं आत. वॉशिंग्टन रस्त्यावर दर वीस-पंचवीस पावलांना एक दार येतं, ती लय इथं तुटली. शेवटी मॉल टिकला नाही. पाडापाडी झाली आणि 2011 मध्ये नवं कॉमन्स उघडलं. शिल्प तेवढं राखलं. मोठ्या नावानं केलेली इमारत चाळीस वर्षंही पुरी करू शकली नाही, आणि शेजारच्या अनामिक गवंड्यांच्या इमारती शंभरी ओलांडून उभ्या आहेत. यादीतल्या नावांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा.

रोश यांनी 1983 मध्ये केलेलं कमिन्सचं मुख्यालय याच प्रकारात टाकायचा मोह होतो, कारण तेही आडवं पसरलेलं, काँक्रीटचं आहे. पण तिथं एक गोष्ट वेगळी घडली. जागेवर सेरिअलाइन नावाची एकोणिसाव्या शतकातली मक्याच्या गिरणीची इमारत होती, ती त्यांनी पाडली नाही, नव्या मुख्यालयाच्या पोटात घेतली. खांबांच्या रांगेतून चालताना मधेच जुन्या विटा येतात. तेवढ्यानं ते मुख्यालय या गावचं झालं.

कोर्टाजवळ आणखी एक जागा आहे, तिथं जरा थांबा. आयझॅक हॉजसन यांचं 1874 सालचं लाल विटांचं कोर्ट, आणि त्याच्या हिरवळीवर 1997 सालचं युद्धस्मारक : चुनखडीचे पंचवीस उंच खांब, दाटीनं उभे. बाहेरून ते ओबडधोबड. आत शिरलं की दगड गुळगुळीत होतो आणि त्यावर मारल्या गेलेल्यांची नावं, त्यांनी घरी लिहिलेल्या पत्रांतला मजकूर कोरलेला दिसतो. वाचायचं तर दोन खांबांच्या मधून अंग चोरूनच जावं लागतं. याच्याबद्दल जास्त बोलणं आम्हाला बरं वाटत नाही.

एक मोठी अडचण मात्र झाकता येणार नाही. चालून जे पाहता येतं ते अर्ध्या मैलाच्या आतलं. शाळा, अग्निशमन केंद्र, गावाच्या उत्तरेला असलेलं नॉर्थ ख्रिश्चन चर्च, मिलर यांचं घर, हे सगळं लांब लांब विखुरलेलं आहे. घर पाहायला तर गाडीत बसवूनच नेतात. म्हणजे ज्या शाळांसाठी ही योजना सुरू झाली, त्या शाळा पायी फिरणाऱ्याच्या वाट्याला येत नाहीत. मिलर यांच्या योजनेनं उत्तम इमारती दिल्या, पण इमारतींमधलं अंतर कोणी रचलं नाही. ते मोटारीनं ठरवलं.

आणि अभिरुची कोणी ठरवली, हाही प्रश्न आहे. यादी करणारे तज्ज्ञ होते, निवड मंडळाची होती, हे खरं. तरी पैसे एकाच घरातून येत होते. एका कंपनीच्या गावात ‘नको’ म्हणणं किती सोपं असतं, हे टाटानगर पाहिलेल्यांना सांगायला नको. आम्ही मात्र या बाबतीत शेवटी मिलर यांच्या बाजूनं झुकतो. त्यांनी पैसे लावले ते कामगारांची मुलं शिकतात त्या शाळांवर. स्वतःच्या नावाचा मनोरा बांधला नाही. पुण्यात याच कंपनीच्या नावानं कर्वेनगरला 1991 पासून मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्याचं मोल मोठं आहे. पण महापालिकेच्या शाळेच्या वास्तुरचनाकाराची फी कुणीतरी भरावी, ही कल्पना आपल्याकडच्या कुठल्याच उद्योगाच्या मनात रुजली नाही. चार्ल्स कोरियांची ‘आयुका’ पुण्यात आहे, पण ती विद्यापीठाच्या आवारात. महापालिकेच्या शाळेत रोज चालत जाणाऱ्या पोराच्या वाटेवर असं काही येत नाही.

शेवटचा मुद्दा या इमारतींच्या म्हातारपणाचा. काचेच्या बँकेची बँक 2009 मध्ये बुडाली. तिथं आता कंपनीचं सभागृह आहे. मायरन गोल्डस्मिथ यांनी ‘द रिपब्लिक’ या गावच्या दैनिकासाठी 1971 मध्ये पारदर्शक इमारत केली होती, रस्त्यावरून छपाईयंत्र चालताना दिसे. यंत्र गेलं, दैनिकही दुसरीकडे गेलं, आणि आता तिथं इंडियाना विद्यापीठाचे वास्तुकलेचे विद्यार्थी शिकतात. जुन्या चर्चच्या मनोऱ्याच्या विटा ढिल्या झाल्या, अलीकडेच देणग्या जमवून त्याची दुरुस्ती करावी लागली. आणि नॉर्थ ख्रिश्चन चर्च, एरो सारिनेन यांचं 1964 सालचं, षट्कोनी छपराचं, 192 फुटांच्या सुईसारख्या शिखराचं, ते पूर्ण झालेलं पाहायला सारिनेन स्वतः राहिले नव्हते. 2022 मध्ये तिथली मंडळीही विसर्जित झाली. भाविक इतके कमी उरले होते की इमारत सांभाळणं त्यांना झेपेना.

ती इमारत आता गावच्या सार्वजनिक वाचनालयाकडे आली आहे, त्याच पेई यांच्या वाचनालयाकडे. गावच्या मध्यापासून ती दीड-दोन मैल आहे. कोलंबसला मुलाकडे जाणार असाल तर हवा बरी असलेल्या एखाद्या दिवशी मूर यांच्या कमानीपासून तिथवर चालत जा. फूटपाथ कुठं संपतो ते आम्हालाही कळवा.