केशवसुतांच्या दोन कविता : आज्ञेचा सूर आणि प्रश्नाचा सूर

केशवसुतांच्या बंडखोरीचा विचार आपली समीक्षा बहुधा ‘तुतारी’पासून (१८९३) आरंभते आणि तेथेच थांबते. तिच्या पाच वर्षे आधीच्या ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ (१८८८) ह्या कवितेला सामाजिक कळवळ्याचा नमुना म्हणून एखाद्या वाक्यात स्थान मिळते. अन्यायाच्या निवारणाचा विषय दोहोंतही आहे. भेद आहे तो सुराचा, आणि माझ्या मते त्या भेदातच दोहोंच्या सामर्थ्याचा निवाडा आहे.

‘तुतारी’चा सूर आज्ञेचा आहे. बोलणारा जणू उंचावर उभा राहून वाद्य मागतो, साद घालतो, जुन्याचा त्याग करावयास सांगतो. आज्ञार्थी क्रियापदांची दाटी आणि मात्रावृत्ताची धावती चाल ह्यांमुळे वाचकाला विचारास उसंत मिळत नाही. ती मिळू नये, असाच कवीचा हेतू आहे. परंतु ही साद कोणास? जो निजलेला आहे त्यास. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जातो, तो निजलेला असत नाही. त्याला जागे करण्याचे प्रयोजनच नाही. आगरकरांच्या ‘सुधारका’चा सुशिक्षित वाचक हाच ह्या कवितेचा खरा श्रोता होय. म्हणून तिच्यातील जुलूम रूढीसारख्या सर्वसामान्य रूपात वावरतो. त्यास चेहरा नाही.

दुसऱ्या कवितेत एक मूल आईला सावलीच्या विटाळाचे कारण विचारते. येथे क्रोध नाही, याचनाही नाही. शास्त्र ठाऊक नसलेल्याचे निखळ कुतूहल आहे. आज्ञा ऐकून न ऐकल्यासारखे करता येते. प्रश्नाला मात्र उत्तर द्यावे लागते, आणि पटेल असे उत्तर त्या आईपाशी असणार कोठून? शीर्षकातील ‘पहिला’ हे विशेषणही सूचक आहे : पुढले प्रश्न अजून यावयाचे आहेत.

पेण-रोह्याकडील विद्यार्थ्यांपुढे ह्या कविता ठेवल्या, की ‘तुतारी’ ते ठेक्यात म्हणतात. दुसरीला कोणता आवाज लावावा, हे मात्र त्यांना उमगत नाही. ती अडचण मला मोलाची वाटते. रोह्याच्या दक्षिणेस, ह्याच जिल्ह्यातील महाडला, २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. पेणच्या पश्चिमेस, अलिबाग तालुक्यातील चरी येथे कुळांनी १९३३ ते १९३९ पर्यंत खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. भाषणे दोन्हीकडे झालीच. पण पाणी पिणे आणि नांगर न धरणे ह्या कृतींची जात ‘तुतारी’पेक्षा त्या मुलाच्या प्रश्नाशी अधिक जुळते. (कविता आणि कृती ह्यांचे असे नाते फार ताणू नये, हे खरेच.)

तथापि एक उणीव नोंदविली पाहिजे. त्या मुलाचा आवाज त्याचा स्वतःचा नाही. तो एका ब्राह्मण कवीने त्यास दिलेला आहे. प्रश्न विचारण्यापलीकडे ते मूल जात नाही, ह्याचे कारण कदाचित हेच असेल. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’त (१९७२) आज्ञार्थ पुन्हा येतो, ‘तुतारी’हून कर्कश होऊन येतो; परंतु तेथे बोलणारा उंचावर उभा नाही, तो खालूनच बोलत आहे.