बंद खोली आणि घरातलं माणूस

ख्रिस्ती प्रवचनांत घराची उपमा फार चालते. माणसाचं मन म्हणजे घर, आणि ख्रिस्त म्हणजे दारावर थाप देणारा पाहुणा. दार उघडलं, पाहुणा आत आला, बैठकीत बसला. पण घरात एखादी खोली अशी असते की तिची किल्ली यजमान कमरेलाच ठेवतो. आजचा आपला विषय ती खोली. देवाला होकार देऊन झाल्यावरही माणूस कुठल्या तरी आडबाजूला त्याचं काम अडवून धरतो. हे ख्रिस्ती लेखनात कसं सांगितलं गेलंय आणि ते सांगणं कितपत खरं उतरलंय, एवढंच बघायचंय.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात जी थाप पडते ती कोणाच्या दारावर? आपण ती नेहमी अविश्वासू माणसाच्या दारावर ऐकतो, तशी चित्रंही काढतो. पण ते पत्र आहे लावदिकीयाच्या मंडळीला. म्हणजे आपण दार केव्हाच उघडलंय अशा समजुतीत असलेल्यांना. तेव्हा हा प्रश्न बाहेरच्यांचा नव्हे, आतल्यांचा आहे.

ही उपमा विसाव्या शतकात सर्वांत लोकप्रिय केली ती रॉबर्ट बॉइड मंगर या अमेरिकन प्रेस्बिटेरियन पाळकाच्या 'माय हार्ट, ख्राइस्ट्स होम' या प्रवचनानं. छोटीशी पुस्तिका आहे. यजमान ख्रिस्ताला खोली-खोली दाखवत जातो: वाचनाची खोली, जेवणघर, बैठक, कामाची जागा. सगळीकडे थोडी लाजिरवाणी आवराआवर होते. शेवटी एका कपाटातून कुबट वास येतो. यजमान आधी चिडतो, मग नाइलाजानं किल्ली देतो, आणि पाहुणा ते साफ करून टाकतो. पुढे यजमान घराचे कागदच पाहुण्याच्या नावावर करतो. वाचताना मन हलतं, हे आम्ही नाकारत नाही. त्या वासाची कल्पना तर फारच चांगली.

पण या घरात काहीतरी विचित्र आहे. बघा, तिथं दुसरं कोणी राहतच नाही! बायको नाही, आई नाही, भांडी घासणारी बाई नाही. घरात वास सुटलाय आणि तो येतोय फक्त पाहुण्याला. आपल्याकडे असं घर असतं का? वास सुटला तर पहिल्यांदा घरातलं माणूस बोलतं, तेही वर्षानुवर्षं, आणि त्याचं कोणी ऐकत नाही. मंगरच्या उपमेत खोली बंद असते, पण ती कुठं आहे हे यजमानाला पक्कं ठाऊक असतं. आमचा आक्षेप नेमका इथं आहे. जी खोली आपल्याला दाखवता येते, ती खरोखर तितकीशी लपलेली नसते.

हे जास्त खोलात बघायचं तर ऑगस्टीनकडे जावं लागेल. 'कन्फेशन्स' चौथं शतक सरता सरता लिहायला घेतलेलं पुस्तक. तेरा भाग, त्यांतले पहिले नऊ आयुष्याचे. आठव्या भागात मिलानची ती बाग येते, साल ३८६. त्याच भागात तो आपल्या तरुणपणची प्रार्थना सांगतो: संयम तर दे, पण एवढ्यात नको. यावर लोक हसतात, आणि हसण्यासारखंच आहे ते. पण त्याच ठिकाणी त्यानं आणखी एक प्रतिमा वापरली आहे, तिच्याकडे लक्ष कमी जातं. तो म्हणतो त्याचा आशय असा, की मी स्वतःला स्वतःच्याच पाठीमागे नेऊन ठेवलं होतं, आणि देवानं मला तिथून काढून माझ्या समोर उभं केलं. पाठीमागे! कपाटाला किल्ली असते, पाठीला नसते. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, दुसऱ्याला दिसते. मंगरच्या घरापेक्षा हे कितीतरी खरं आहे.

आता हाच ऑगस्टीन ज्या बाईबरोबर तो बरीच वर्षं राहिला, जिच्यापासून त्याला आदेओदातुस हा मुलगा झाला, तिच्याविषयी काय लिहितो? सहाव्या भागात काही ओळी. आईनं ठरवलेल्या लग्नाच्या आड येते म्हणून तिला दूर केलं गेलं. आपल्या काळजाला जखम झाली, असं तो सांगतो. पुन्हा कुठल्या पुरुषाशी संबंध ठेवणार नाही असा नेम करून ती आफ्रिकेला परतली, मुलगा मात्र बापाकडे राहिला. नियोजित वधू वयात यायला अजून दोन वर्षं होती, तेवढं थांबवेना म्हणून त्यानं मध्ये आणखी एक स्त्री ठेवली, हेही तो प्रांजळपणे सांगतो. सांगत नाही ते फक्त तिचं नाव. पेरूसारख्या दिसणाऱ्या त्या नासपतींच्या चोरीवर, सोळाव्या वर्षीच्या एका टवाळीवर, दुसऱ्या भागाचा मोठा हिस्सा खर्च होतो, आणि या बाईला काही ओळी.

आम्हाला ऑगस्टीनला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. त्या काळात अशा नात्याला समाजमान्यता होती, आणि नाव न घेण्यात तिची अब्रू राखण्याचा हेतूही असेल. पण रचनेकडे बघा. कबुली दिली जाते ती वासनेची. त्या वासनेच्या कथेत एक जिवंत माणूस पापाचं साधन होऊन जातं. देवासमोर तो उघडा पडलाय, यात शंका नाही. पण तिच्यासमोर तो कधी उभाच राहिलेला दिसत नाही. कबुलीचा प्रकाश एका खोलीत इतका प्रखर असतो की शेजारच्या खोलीचं दार अंधारात जातं.

म्हणूनच आम्हाला वाटतं, या विषयावरचं आपल्या भाषेतलं सर्वांत मोलाचं पुस्तक कबुलीजबाब नाही आणि प्रवचनही नाही. ते आहे लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. पहिला भाग १९३४ सालचा. रेव्हरंड नारायण वामन टिळक तेव्हा जाऊन पंधरा वर्षं झाली होती. आपल्याकडे हे पुस्तक विनोदासाठी, भाषेसाठी, स्त्रीच्या आत्मचरित्रासाठी वाचलं जातं. ते सगळं ठीकच. आज मात्र ते 'देवाचं काम कुठं अडतं' या प्रश्नासाठी वाचू.

टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईला झाला. बायको बरोबर नव्हती. मराठी ख्रिस्ती इतिहासात हा मोठा दिवस आहे, आणि का असू नये? नाव, जात, नातीगोती सगळं एका माणसानं पणाला लावलं. साक्षीच्या दृष्टीनं पाहिलं तर पूर्ण समर्पण. आता तोच दिवस लक्ष्मीबाईंच्या बाजूनं वाचा. लहान मुलगा पदरात, नवरा धर्मांतर करून गेलेला, पुढची काही वर्षं नातेवाइकांच्या आधारानं काढायची, त्यांतली काही पंढरपुरात. म्हणजे देवाला दिलेला होकार आणि घरातल्या माणसाला सोडून जाणं, या दोन कृती नाहीत. कृती एकच आहे. टिळकांच्या स्वतःच्या लेखणीतून आलं असतं तर हे 'प्रभूसाठी केलेला त्याग' या सदरात बसलं असतं. बायकोच्या लेखणीत ते बसत नाही. आणि तरी ती त्या समर्पणाला खोटं म्हणत नाही. दोन्ही गोष्टी ती एकाच दमात खऱ्या ठेवते. आम्ही ज्याला समीक्षकाची हिंमत म्हणतो ती ही.

टिळकांचा राग, त्यांचं न सांगता निघून जाणं, हातात आलेला पैसा भलतीकडे वाटून मोकळं होणं, हे सगळं पुस्तकभर येतं, आणि आपण हसत हसत वाचतो. हसणं थांबवून पाहिलं तर दिसतं की हा कवी, हा भक्त, ज्याच्या रचना आजही मराठी उपासनेत म्हटल्या जातात, त्याच्या भक्तीला त्याच्या संसाराचा पत्ता बराच काळ सापडलेला नव्हता. यात ढोंग नव्हतं. दातृत्व हा सद्गुणच की! पण त्या दातृत्वाची किंमत कोणी मोजली, ते देणाऱ्याच्या पाठीमागे होतं.

आता लक्ष्मीबाईंची स्वतःची खोली बघू. तिची खोली म्हणजे स्वयंपाकघर. ज्या घरात ती जन्मली तिथं वडिलांना सोवळ्याचं वेडच होतं, आणि त्या वेडाचा जाच आईला नि मुलांना कसा झाला हे तिनं सुरुवातीलाच लिहून ठेवलंय. टिळकांकडे परतल्यावर धर्म बदलण्याची सक्ती तिच्यावर झाली नाही. आपलं सोवळं सांभाळत ती ख्रिस्ती नवऱ्याच्या संसारात राहिली. तिचा विरोध लपवलेला नव्हता, चक्क चुलीपाशी मांडलेला होता. पुढे राहुरीला असताना तिच्या मनानं घेतलं, की माणसं देवानं केली, पण हे जातिभेद काही त्यानं केलेले नाहीत. तेव्हा यापुढे कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.

हा क्रम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. आधी पाणी, मग सिद्धान्त. बागेतला आवाज नाही, एका रात्रीत पालट नाही. जिथं अडलं होतं तिथं, म्हणजे हंड्याशी, आधी सुटलं; मान्यता नंतर आली. आपल्या मंडळ्यांत क्रम बहुधा उलटा असतो. मान्यता पहिल्या दिवशी पूर्ण होते, आणि चार पिढ्यांनंतरही लग्न जमवताना हळूच विचारलं जातं, "मूळचे कोण?" ज्यांना हे विचारलं जातं त्यांना विचारून बघा, हा प्रश्न कुठल्या खोलीतून येतो ते.

पण लक्ष्मीबाईंच्या पुस्तकालाही पाठ आहेच. नगर जिल्ह्यातली मंडळी मोठ्या प्रमाणात महार-मांग समाजातून आलेली. त्यांच्यामध्ये एक ब्राह्मण बाई सोवळं पाळत राहत होती, ही गोष्ट त्या बायकांना कशी वाटली असेल? त्यांच्या पाण्याला तिनं हात लावला नाही ते दिवस, आणि मग लावला तो दिवस, त्यांच्या बाजूनं कसे होते? याबद्दल 'स्मृतिचित्रे' फारसं बोलत नाही. तिच्या मनातलं वादळ येतं, पलीकडच्या दारातून बघणाऱ्या डोळ्यांतलं येत नाही. नवऱ्याची पाठ तिला दिसली. तिची पाठ ज्यांना दिसत होती त्यांच्या हाती तेव्हा लेखणी नव्हती.

साक्षसभेत आपण काय ऐकतो ते आठवा. भाऊ उभे राहतात: पूर्वी दारू होती, जुगार होता, प्रभूनं सोडवलं. टाळ्या पडतात, हालेलूया होतं. दुसऱ्या रांगेत वहिनी बसलेल्या असतात. त्यांना कोणी विचारत नाही. आम्ही असं म्हणत नाही की त्या उठून खोडून काढतील. कदाचित भाऊंनी सांगितलं त्याहून जास्त चांगलं सांगतील, लक्ष्मीबाईंनी टिळकांविषयी सांगितलं तसं. 'ख्रिस्तायन' टिळकांनी सुरू केलं आणि ते अपुरं ठेवून गेले. पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले, हेही याच बाईचं. ज्याचा राग सोसला त्याचं काव्य पुरं करायला बसली.

यावर कोणी म्हणेल, मग माणसानं स्वतःविषयी लिहूच नये का? तसं नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा. त्यानंतर कितीतरी वर्षांनी त्यांनी लिहिलं, की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा राहिला होता. स्वतःच्या पाठीमागे इतकं वळून बघणं क्वचित घडतं, आणि ते कसं घडलं हा वेगळा विषय आहे; तो पुढच्या व्याख्यानात घेऊ. आज ऑगस्टीनच्या त्या स्त्रीपाशी थांबतो. तिनं लिहिलेलं काही आपल्यापर्यंत आलेलं नाही. ती आफ्रिकेला परत गेली आणि मुलगा मागे राहिला, एवढंच आपल्यापाशी आहे, आणि तेही त्याच्याच शब्दांत.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.