जलरंगाची पुनर्रचना : चार्ल्स बर्चफील्ड यांच्या चित्रप्रदर्शनाचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

जलरंग हे एका बैठकीत आटोपणारे, तैलरंगापेक्षा दुय्यम माध्यम आहे, असा समज कलाव्यवहारात दीर्घकाळ रूढ होता. अमेरिकन आधुनिकतावादी चित्रकार चार्ल्स बर्चफील्ड (१८९३-१९६७) यांनी आयुष्यभर प्रामुख्याने याच माध्यमात काम केले. त्यांच्या कलाकृतींचे ‘हीट वेव्ह्ज इन अ स्वॉम्प’ हे प्रदर्शन शिल्पकार रॉबर्ट गोबर यांनी सिद्ध केले. २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या हॅमर म्युझियममध्ये सुरू झालेले हे प्रदर्शन २०१० मध्ये बफेलो येथे व त्यानंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भरले. जलरंगचित्रांबरोबरच रोजनिशी, रेखाटने व वॉलपेपरचे नमुनेही त्यात समाविष्ट होते. या विविधतेमागे एकसूत्रता आहे काय, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे.

चिन्ह आणि नक्षी

१९१७ मध्ये ओहायो राज्यातील सेलम या गावी राहत असताना बर्चफील्ड यांनी भय, विषण्णता यांसारख्या मनोवस्थांसाठी आकारांची एक चिन्हव्यवस्था तयार केली. त्याच वर्षीच्या ‘द इन्सेक्ट कोरस’ या चित्रात कीटकांचा आवाज नागमोडी व टोकदार रेषांच्या पुनरावृत्तीतून साकारतो. १९२१ पासून १९२९ पर्यंत त्यांनी बफेलोतील एका वॉलपेपर कंपनीत आरेखक म्हणून नोकरी केली. हा काळ केवळ उपजीविकेचा मानण्याकडे कल असतो. मात्र दोन्ही प्रकारची कामे एकत्र पाहिली असता निसर्गातील आकाराची पुनरावृत्ती हाच दोहोंचा पाया असल्याचे लक्षात येते. वॉलपेपरमध्ये ती डोळ्यांना विसावा देते. चित्रात तीच अस्वस्थ करते. उपयोजित कलेला दालनात स्थान देण्याचा गोबर यांचा निर्णय त्यामुळे समर्थनीय ठरतो.

जुन्या कागदाकडे पुनरागमन

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९३० मध्ये बर्चफील्ड यांची १९१६ ते १९१८ या काळातील जलरंगचित्रे प्रदर्शित केली होती. त्या वेळी ते स्वतः घरे, रस्ते व कारखाने यांच्या वास्तवदर्शी चित्रणाकडे वळले होते. १९४० च्या दशकात मात्र त्यांनी आपली जुनी चित्रे पुन्हा हाती घेतली, त्यांच्या कडांना नवे कागद जोडले आणि ती विस्तारली. ‘द कमिंग ऑफ स्प्रिंग’ (१९१७-४३) व ‘सन अँड रॉक्स’ (१९१८-५०) ही त्याची ठळक उदाहरणे होत. या ठिकाणी प्रदर्शनाच्या कालानुक्रमी मांडणीची मर्यादा जाणवते. सव्वीस वर्षांच्या अंतराने पूर्ण झालेले चित्र एकाच कालखंडाच्या दालनात ठेवले की त्यातील तरुण व प्रौढ चित्रकाराचा संवाद क्षीण होतो.

निष्कर्ष

चिन्हे, वॉलपेपर आणि विस्तारित चित्रे या तिन्हींत आकार जतन करून त्याचा पुन्हा उपयोग करण्याची एकच वृत्ती दिसते. जलरंगातील चित्र एका बैठकीत संपलेच पाहिजे, हा संकेत बर्चफील्ड यांनी मोडला, हे या प्रदर्शनातून सप्रमाण सिद्ध होते. त्यांच्या कामाचे मूल्यमापन केवळ निसर्गचित्रणाच्या परंपरेत न करता या पुनर्रचनेच्या संदर्भात होणे आवश्यक आहे.