फेलो मायदेशी परतला, एवढं मोजून भागेल का?

आज लहान मुलांच्या किडनीचे डॉक्टर घडवणाऱ्या एका फेलोशिपबद्दल लिहितोय. मी डॉक्टर नाही. पण या फेलोशिपचं यश ज्या पद्धतीने मांडलं जातं, ती पद्धत सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या प्रत्येकाने एकदा तपासून बघावी अशी आहे.

ही वेगळी शाखा लागतेच कशाला, ते आधी एका आकड्यात बघा. रक्तातलं क्रिएटिनिन 0.9 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आलं, तर मोठ्या माणसाच्या रिपोर्टवर कुणी लाल खूण करणार नाही. तेच 85 सेंटिमीटर उंचीच्या दोन वर्षांच्या मुलाचं असेल तर? श्वार्ट्झ यांचं 2009 चं सुधारित सूत्र लावा: 0.413 गुणिले उंची, भागिले क्रिएटिनिन. उत्तर येतं 39. निरोगी किडनी असेल तर ते 90 च्या आसपास किंवा वर हवं. म्हणजे किडनीचं निम्म्याहून जास्त काम थांबलंय, आणि मोठ्यांच्या मापाने पाहिलं तर रिपोर्ट नॉर्मल! हे ओळखणारा माणूस जिल्ह्यात नसला की काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

तर केप टाउन विद्यापीठाचा आफ्रिकन पेडिॲट्रिक फेलोशिप प्रोग्राम. आफ्रिकेतल्या इतर देशांतले डॉक्टर तिथे येतात, रेड क्रॉस वॉर मेमोरियल मुलांच्या रुग्णालयात शिकतात आणि आपापल्या देशात परत जातात. लंडनला पाठवण्यापेक्षा ही कल्पना मला कितीतरी शहाणपणाची वाटते, कारण मलेरिया नाहीतर जुलाबाने किडनी बंद पडलेलं मूल तिकडे कितीसं दिसणार? परतणाऱ्यांचं प्रमाण 90 टक्क्यांहून जास्त असल्याचं कार्यक्रमाकडून सांगितलं जातं. आकड्यावर माझा आक्षेप नाही. तो कशाचा पुरावा म्हणून वापरला जातो, यावर आहे.

एक तर उमेदवाराला बहुतेक वेळा त्याचीच मूळ संस्था निवडून पाठवते. परत गेल्यावर जागा ठरलेली असते. मग तो परतला हे प्रशिक्षणाचं यश की निवडीचं? तुमच्या डेटात असं असेल तर गाइड पहिल्याच प्रेझेंटेशनला धरतील.

दुसरं जास्त महत्त्वाचं. फेलो परतला, पण मुलाला डायलिसिस मिळालं का? पोटातून करायच्या डायलिसिसला वीज लागत नाही, मोठं मशीन लागत नाही. पण लहान मुलाच्या मापाची नळी लागते, द्रव लागतो, रात्री लक्ष ठेवणारी नर्स लागते. यातलं एक जरी नसलं तर तो डॉक्टर पुन्हा जनरल वॉर्डात राउंड घेत बसतो. ‘परतला’ या रकान्यात मात्र टिक असतेच.

तुम्ही म्हणाल, मग सरळ मृत्यू मोजा. इथेच खरी गंमत आहे. फेलो येण्याआधी त्या रुग्णालयात क्रिएटिनिन किती मुलांचं तपासलं जात होतं? जे तपासलंच नाही ते किडनीचं दुखणं म्हणून नोंदलंही गेलं नाही. तो आल्यावर नोंदी वाढतात, आसपासच्या तालुक्यांतली अत्यवस्थ मुलंही तिथे पाठवली जाऊ लागतात, आणि कागदावर मृत्यू वाढलेले दिसू शकतात. काम चांगलं, ग्राफ वाईट.

मी असतो तर छेदात फेलो ठेवले नसते. डायलिसिसची गरज असलेली मुलं ठेवली असती आणि त्यांतल्या किती जणांना ते सुरू झालं हे मोजलं असतं. फेलो रुजू होण्याआधीचं एक वर्ष आणि नंतरची तीन, निदानाचे निकष चारही वर्षं तेच. आधीच्या वर्षासाठी जुनी केसपेपरं चाळावी लागतील, त्यांत निम्मी माहिती नसेल, आणि हे काम कंटाळवाणं आहे. पण फेलो निघायच्या आधीच त्याच्या रुग्णालयात एक साधं रजिस्टर सुरू केलं, तर ते चाळणंही पुष्कळ वाचेल.