‘स्वामी’ : कादंबरी आणि दूरचित्रवाणी-मालिका

कादंबरीवरून तयार झालेल्या दूरचित्रवाणी-मालिकेचे परीक्षण करताना ती मूळ कृतीशी कितपत प्रामाणिक आहे, हा प्रश्न बहुधा सर्वप्रथम उपस्थित केला जातो. कोणते प्रसंग गाळले, कोणते नव्याने घातले, कोणत्या पात्राचे महत्त्व वाढविले, ह्यांची यादी केली की तुलना पूर्ण झाली, असा समज अभ्यासकांतही रूढ आहे. ही यादी उपयुक्त आहे. परंतु ती टीकेची सामग्री होय, टीका नव्हे. प्रामाणिकपणा हे मूल्य मानावयाचे, तर तो नेमका कशाशी, ह्याचा निर्णय आधी व्हावयास हवा. रणजित देसाई ह्यांच्या ‘स्वामी’च्या संदर्भात हा निर्णय वाटतो तितका सोपा नाही.

‘स्वामी’ ही कादंबरी १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९६४ मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात गजानन जागीरदार ह्यांच्या दिग्दर्शनाखाली दूरदर्शनवर तिची मालिका झाली. माधवरावांची भूमिका रवींद्र मंकणी ह्यांनी, तर रमाबाईंची मृणाल देव ह्यांनी केली. पेशवाईचा हा कालखंड जागीरदारांना अपरिचित नव्हता. प्रभातच्या १९४४ मधील ‘रामशास्त्री’ ह्या चित्रपटात रामशास्त्र्यांची भूमिका त्यांनीच केली होती. एकाच कालखंडाकडे एक कलावंत अशा रीतीने दोन वेगळ्या माध्यमांतून वळला, ही बाब लक्षणीय आहे.

‘स्वामी’ ही कादंबरी स्वतःच एक रूपांतर आहे. १७६१ मध्ये सोळाव्या वर्षी पेशवेपद स्वीकारणारे आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे क्षयाने मृत्यू पावलेले माधवराव पत्रे, बखरी आणि इतिहासग्रंथ ह्यांतून ज्ञात आहेत. राक्षसभुवनचा विजय, हैदरावरील मोहिमा, धोडपची लढाई, राघोबांची नजरकैद ह्या घटनांना कागदाचा आधार आहे. पतिपत्नींच्या खासगी संभाषणांना मात्र तसा आधार असू शकत नाही. ती कादंबरीकाराची निर्मिती आहे आणि वाचकाच्या मनात ठसले ते हेच. म्हणजे इतिहासापासून कादंबरीपर्यंत एक निवड झाली आणि कादंबरीपासून मालिकेपर्यंत दुसरी. दुसऱ्या निवडीला पहिलीशी प्रामाणिक राहण्याचा आग्रह धरताना पहिलीची चिकित्सा थांबते, हा ह्या निकषातील मोठा दोष होय.

माध्यमभेदाचा विचार येथून पुढे अर्थपूर्ण होतो. ‘स्वामी’त संवादांना मोठे स्थान आहे, आणि त्यामुळे ही कादंबरी नाट्यरूपास अनुकूल आहे हे उघड आहे. पण दोन संवादांमधील निवेदन तिच्या भावस्वराचा आधार असते. निवेदक पात्राच्या शब्दामागचा थकवा सांगतो, ऋतूचे व वास्तूचे वर्णन करून येणाऱ्या शोकाची छाया आधीच पसरवतो. पडद्यावर हा निवेदक बहुधा नाहीसा होतो आणि त्याचे काम नटाच्या मुद्रेकडे व आवाजाकडे येते. ह्यात केवळ हानी नाही. निवेदकाने शब्दांत सांगितलेली व्यथा नट मौनाने सांगू शकतो. मात्र वाचकाला स्वतःचा माधवराव कल्पिण्याचे जे स्वातंत्र्य होते, ते एकदा चेहरा निश्चित झाल्यावर उरत नाही. मालिका पाहून मग कादंबरी वाचणाऱ्या पिढीला तर ते कधी मिळतच नाही.

काळाचा प्रश्न ह्याहून सूक्ष्म आहे. कादंबरीचा वेग वाचकाच्या हाती असतो. मालिकेचा वेग प्रक्षेपणाच्या वेळापत्रकाने ठरतो. तथापि खंडशः कथन मराठीला दूरचित्रवाणीने शिकविले, असे मानणे चूक ठरेल. हरि नारायण आपटे ह्यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली होती. चिनी परंपरेत तर ही रीत कादंबरीच्या घडणीतच आहे. तेथील जुन्या कादंबऱ्या कथेकऱ्यांच्या कथनातून आलेल्या संकेतांनी बांधलेल्या असून, प्रकरण ऐन प्रसंगी थांबवून पुढचे पुढील प्रकरणात ऐकावे असे सांगणे हा त्यांतील रूढ समारोप होय. तीन राज्यांच्या कथेवरील कादंबरीची १९९४ मध्ये ८४ भागांची मालिका झाली, तेव्हा भागांची विभागणी मूळ रचनेला परकी नव्हती. ‘स्वामी’ची रचना अशी तुटक उत्कंठेवर उभी नाही. तिचा शेवट वाचकाला इतिहासामुळे आधीच ठाऊक असतो. तिची पकड ‘पुढे काय’ ह्यात नसून ‘हे असे का व्हावे’ ह्या हळहळीत आहे. ही संथ हळहळ भागाभागांत वाटली असता टिकते की विरते, ही ह्या मालिकेची खरी कसोटी ठरते.

चिनी उदाहरणांपैकी आणखी एक येथे उद्बोधक आहे. त्साओ श्युएछिन ह्यांची ‘लाल महालातील स्वप्न’ ही कादंबरी माधवरावांच्याच काळाची. लेखकाचा मृत्यू १७६३-६४ च्या सुमाराचा. १७९१ मध्ये ती १२० प्रकरणांची म्हणून छापली गेली, पण अखेरची ४० प्रकरणे मूळ लेखकाची नसावीत, असे अनेक अभ्यासक मानत आले आहेत. १९८७ मध्ये वांग फूलिन ह्यांनी दिग्दर्शित केलेल्या ३६ भागांच्या मालिकेने त्या ४० प्रकरणांचा शेवट बाजूला ठेवला आणि आधीच्या प्रकरणांतील सूचनांच्या व संशोधकांच्या निष्कर्षांच्या आधारे वेगळा शेवट रचला. त्याच मालिकेने कादंबरीतील स्वप्नलोकाचा अद्भुत भाग मात्र गाळला आणि त्याबद्दल टीकाही ओढवून घेतली. हे निर्णय सर्वांना मान्य होवोत वा न होवोत, मालिका येथे पाठचिकित्सेचे कार्य करते. छापील ग्रंथाशी ती प्रामाणिक नाही. लेखकाच्या हेतूशी प्रामाणिक राहण्याचा तिचा दावा आहे.

हा दृष्टिकोन ‘स्वामी’ला लावला असता चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकापुढे एक विशेष प्रश्न उभा राहतो. १७५१ मध्ये चांद्याचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेले. १७६९ मध्ये जानोजी भोसल्यांविरुद्धच्या मोहिमेत पेशव्यांच्या फौजेने चांद्याला वेढा दिला. त्याच वर्षी कनकापूरच्या तहाने ती मोहीम संपली. गोंड राजांनी बांधलेला चांद्याचा तट आजही उभा आहे, आणि गडचांदूरजवळच्या डोंगरात माणिकगडचे अवशेष आहेत. कादंबरीचे भावकेंद्र मात्र शनिवारवाडा आणि थेऊर हे आहे. तटाच्या आत अडकलेल्या माणसांना कथेत स्थान नाही, कारण ही एका दांपत्याची शोकात्मिका आहे. कादंबरीकाराचा हा अधिकार नाकारता येत नाही. पण मूळ कृतीचे निष्ठेने अनुसरण करणारी मालिका तिच्या सौंदर्याबरोबर तिचे मौनही पुढे नेते, आणि पडद्याच्या व्यापक प्रसारामुळे ते मौन हाच इतिहास, असा समज दृढ होण्याचा धोका असतो.

अखेरचा प्रसंग तर ह्याहून अवघड आहे. रमाबाई सती गेल्या ही ऐतिहासिक घटना आहे, आणि कादंबरीत ती प्रेमाची परिणती म्हणून येते. शब्दांत तिला निवेदकाच्या शोकाचे आवरण लाभते. दृश्यात तीच गोष्ट डोळ्यांपुढे घडणारी कृती होते. सप्टेंबर १९८७ मध्ये राजस्थानातील देवराळा येथे रूपकंवर सती गेल्याच्या घटनेने देश हादरला आणि सतीच्या उदात्तीकरणासही प्रतिबंध करणारा कायदा झाला. ह्या पार्श्वभूमीवर त्या प्रसंगाकडे पाहणारा प्रेक्षक १९६२ चा वाचक राहिलेला नसतो. संहितेतील एकही शब्द न बदलता अर्थ बदलतो. तुलनात्मक अभ्यासाने टिपावयाचे ते हे.

तात्पर्य, कादंबरी श्रेष्ठ की मालिका, हा निवाडा देण्यात अभ्यासकाने फारसे श्रम घालू नयेत. आधाराच्या साधनांतून कादंबरीने काय निवडले, त्या निवडीतून मालिकेने काय स्वीकारले, आणि दोहोंनी मिळून कोणाला बोलू दिले नाही, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे शोधली, तर रूपांतराची मीमांसा खऱ्या अर्थाने सुरू होईल. ‘स्वामी’ ह्या चिकित्सेने लहान होत नाही. जी कृती दोन पिढ्यांची इतिहासविषयक कल्पना घडवू शकते, ती एवढ्या परीक्षेस पात्र असते.